तीन कड्यांत अडकलेला अणू

मी एक जुना लाकडी गोळा आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात राहतो. अंगाभोवती तारेची तीन कडी, त्यांवर घट्ट बसवलेले निळे मणी आणि पायाशी चिठ्ठी: 'अणू'. मित्रांनो, ती चिठ्ठी पाहिली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला विज्ञानाच्या सरांनी स्वतः घडवलं. त्यांचा अणूचा धडा पंधरा दिवस चालायचा. पहिल्या दिवशी मी नुसता गोळा, टणक, न फुटणारा. "यात काय खटकतंय?" सर विचारायचे, आणि कुणी शंका काढेपर्यंत मला हात लावायचे नाहीत. मग कुणीतरी म्हणायचंच, केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, ती वीज येते कुठून? लगेच माझ्या अंगावरच्या खळग्यांत इलेक्ट्रॉन म्हणून निळे मणी बसायचे. पुढे सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले काही कण आत कशावर तरी आपटल्यासारखे उलटे फिरल्याची हकिकत निघायची. मण्यांची कड्यांवर उचलबांगडी व्हायची आणि मी मधलं केंद्रक बनायचो. शेवटी कडीही निघायची. सर मला पिंजलेल्या कापसात गुंडाळून सांगायचे, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच सांगता येतं. त्या कापसात मला फार मोकळं वाटायचं.

एका वर्षी कड्यांवरच गाडी अडली. कुणालाच काही खटकेना. "उद्या विचार करून या," सर म्हणाले. त्याच रात्री ते आजारी पडले आणि पुन्हा शाळेत आलेच नाहीत. मी होतो तसा कुलपात गेलो. त्याला अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून मुलं काचेतून बघून माझं चित्र काढतात आणि अणू असाच असतो असं समजून घरी जातात. अर्धवट धडा शिकवण्याची मला लाज वाटते, पण बोलायची सोय नाही. नव्या बाई मनाने चांगल्या आहेत, काच नियमित पुसतात. पण अभ्यासक्रम संपवायची घाई त्यांच्या मानगुटीवर बसलेली असते.

परवा पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. "बाई, मणी नेमका ह्याच तारेवरून फिरतो, हे कुणी पाहिलंय?"

अकरा वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. कापूस खालच्याच खणात होता आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

"परीक्षेत असंच काढायचं असतं गं," बाई म्हणाल्या. "बस खाली."

ती बसली. तास संपला. मी अजून कड्यांतच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, एवढंच मागायचा माझा विचार होता. आता मागणं वेगळं आहे. तुम्हाला काही खटकलं आणि कुणी खाली बस म्हणालं, तर लगेच बसू नका. जरा वेळ उभे राहा.