डावीकडचा ब्रेक

गाडी विकत घ्यायला आलेले वकील डावीकडच्या सीटपुढे गुडघ्यांवर बसले आणि टॉर्चचा झोत आत टाकत म्हणाले, "इथेही एक पेडल आहे."

डॉक्टरांनी आधी बायकोकडे पाहिलं. ती गॅरेजच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होती.

"खास करून घेतलंय," ते आवाज उतरवून म्हणाले. "हिच्यासाठी."

खास करून घेतलेलं बरंच होतं. चाळीस वर्षं लोकांच्या दातांत केसाएवढं बारीक काम केलेला हा माणूस. अठरा वर्षांपूर्वी ही लांबलचक काळी गाडी कोरी घेतली, तीही त्यांनी कंपनीने दिली तशी ठेवली नाही. बायको बुटकी, म्हणून डावी सीट चार बोटं उचलून घेतली. तिला कर्कश आवाज सोसत नाही, म्हणून हॉर्न बदलला. ती तेव्हा मुख्याध्यापिका होती, सगळे तिला बाईच म्हणत. मागे तिच्या वह्यांसाठी घडीचं टेबल बसवलं.

आणि हे पेडल. डॉक्टर गाडी चालवू लागले की बाईंचा पाय पायपुसण्यात रुतायचा आणि 'अहो, हळू' सुरू व्हायचं. शेवटी त्यांनी याच गॅरेजच्या मिस्त्रींकडून स्प्रिंगवर खालीवर होणारं एक पेडल लावून घेतलं. कशालाच न जोडलेलं. हा तुझा वेगळा ब्रेक, असं बाईंना सांगितलं. महिनाभरात त्यांचा पाय शांत झाला, 'अहो, हळू' थांबलं आणि डॉक्टरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. अठरा वर्षं जपलेली ही थाप आता टॉर्चच्या उजेडात, तिच्यादेखत उघडी पडणार होती.

गॅरेजपर्यंत प्रकरण आलं तेही त्यांच्याच खरेपणामुळे. गेल्या महिन्यात एकदा ब्रेक आपोआप धरला, हे त्यांनी सकाळीच वकिलांना सांगून टाकलं होतं. ब्रेक धरला त्याच संध्याकाळी बाई म्हणाल्या होत्या, आता दोघांना एवढी मोठी गाडी कशाला; आणि डॉक्टरांनाही ते पटलं होतं. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मग मिस्त्रींची साक्ष काढू, म्हणाले.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. ब्रेकमध्ये काही दोष नाही, म्हणाले. पुढे बोलण्याआधी त्यांची नजर दाराकडे गेली.

"सांगून टाका, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "उद्यापासून वकीलसाहेबांची मुलं बसणार त्या गाडीत."

"डावीकडचा ब्रेक चालू आहे, साहेब," मिस्त्री वकिलांना म्हणाले. "केबलने मोठ्या ब्रेकला जोडलाय."

"जोडलाय?" डॉक्टर म्हणाले. "पण मी तर..." आणि त्यांनी जीभ चावली.

"तुम्ही तर काय?" बाईंनी विचारलं.

वकिलांनी टॉर्च बंद केला.

मग मिस्त्रींनी सगळं सांगितलं. पेडल लावलं त्याच महिन्यात बाई एका दुपारी शाळेतून परस्पर, डॉक्टर दवाखान्यात असताना, गाडी इथे घेऊन आल्या होत्या. पाय आपटूनही गाडी थांबत नाही हे कळायला त्यांना एक उतार पुरला होता. मिस्त्रींनी केबल टाकून दिली आणि डॉक्टरांना न सांगण्याचा शब्द दिला. तो त्यांनी आजवर पाळला होता.

"म्हणजे तू तेव्हा गप्प झालीस ती..." डॉक्टर म्हणाले.

"खोटा होता तोवर सारखा दाबावा लागायचा," बाई म्हणाल्या. "खरा झाल्यावर कशाला दाबू?"

"कधीच नाही?"

"दोनदा."

पहिली वेळ त्यांच्या लगेच लक्षात आली. घाटातलं धुकं, दिवे न लावता उभा असलेला ट्रक आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबलेली गाडी. आपल्या चपळाईचा हा किस्सा त्यांनी शेकडो रुग्णांना ऐकवला होता. रुग्णांच्या तोंडात कापूस असल्यामुळे कोणी शंका काढली नव्हती. बाईंनीही काढली नव्हती. उलट पाहुण्यांसमोर डॉक्टर ट्रकचा रंग विसरले, की बाईच आठवण करून द्यायच्या.

"आणि दुसरी?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अहो, वकीलसाहेब खोळंबलेत."

डॉक्टरांना तीही आठवली. गेल्या महिन्यातला तो कोपरा. गाडी आपोआप थांबली आणि मग डावीकडून आलेली एक सायकलवाली मुलगी समोरून निघून गेली. गाडी थांबेपर्यंत ती त्यांना दिसलीच नव्हती.

वकिलांना गाडी पसंत पडली. उद्या येऊन ते ती घेऊन जाणार होते. फक्त डावीकडचं पेडल तेवढं काढून ठेवा, म्हणाले. अर्ध्या तासाचं काम, असं म्हणत मिस्त्री पाना घेऊन वाकले.

"आज राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "सकाळी काढा. आम्हाला अजून घरी जायचंय."

गॅरेजच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. उजवीकडे वळायचं होतं. अठरा वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं, ते त्यांनी समोर बघतच विचारलं.

"डावीकडून कोणी येतंय का, बघ."

बाईंनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"टेम्पो येतोय. त्याला जाऊ द्या."

टेम्पो गेला. रस्ता मोकळा झाल्यासारखा वाटत होता, तरी ती 'चला' म्हणेपर्यंत डॉक्टरांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही.