दोन्ही हातांत धरलेला कागद

मझिंबा गावाजवळच्या त्या शाळेत दुसरीच्या वर्गाला सलग दोन वर्षं वाचनात शून्य मिळालं, म्हणून डॉ. तोवेरा म्सिस्का यंदा स्वतः आली होती. पुन्हा शून्य आलं तर वर्ग बंद, आणि मुलं नदीपलीकडच्या शाळेत. पावसाळ्यात नदी ओलांडता येत नाही, म्हणजे मुलं घरीच.

चाचणी तोवेरानेच बनवलेली. मुलाने मिनिटभर मोठ्याने वाचायचं. पहिल्या ओळीत एकही शब्द आला नाही तर तिथेच थांबवायचं. देशभर हीच चाले. तोवेराचं नाव झालं तेही हिच्यावरच.

दुसरीतली लुसुंगू गुडघे टेकून बसली. शिक्षण कार्यालयाचा परीक्षक वोंगानी याने कागद पुढे केला. मोठ्यांकडून घ्यायचं ते दोन्ही हातांनी, तसा तिने घेतला आणि तसाच धरून राहिली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"थांब," वोंगानी म्हणाला.

"ताई, ही पोरगी घरी बकऱ्यांनासुद्धा वाचून दाखवते," खुंबो मास्तर म्हणाला. "काल तर माझीच चूक काढली."

तोवेरा तिच्या हातांकडे पाहत होती. तिने कागद घेऊन चटईवर ठेवला. लुसुंगूचं बोट लगेच पहिल्या अक्षरावर गेलं आणि वाचन सुरू झालं. वर्गात पुस्तक चटईवर असतं. बोट पुढे सरकतं, तसा तोंडातून शब्द येतो. ती शेवटच्या ओळीपर्यंत अडखळली नाही.

"मॅडम, हे वाचन धरता येणार नाही," वोंगानी हळूच म्हणाला. "नियमात 'मुलाच्या हातात द्या' असं आहे. प्रशिक्षणात मी विचारलं होतं, चटईवर ठेवला तर? तुम्ही म्हणालात, चटई झोपायला असते. सगळे हसले होते."

तोवेराला ते आठवत होतं. परदेशी विद्यापीठात बसून तिने तो नियम लिहिला, तेव्हा फार विचारही केला नव्हता. माणसासमोर वस्तू जमिनीवर कोण टाकतं? हातातच द्यायची. लहानपणी याच गावात तीही दोन्ही हात पुढे करत असे.

नियम आज बदलला तर यंदाचे आकडे मागच्यांशी जुळणार नाहीत. आणि मागचे चुकीचे होते असं म्हटलं तर त्या आकड्यांवर बंद झालेल्या वर्गांचं काय? तिथले मास्तर केव्हाच दुसरीकडे गेले होते, मुलं शेतात.

"ताई, तुम्ही वर एक शब्द टाका," खुंबो म्हणाला. "तुमच्या शब्दापुढे कोण जाणार?"

"नियमातला शब्दही माझाच आहे, खुंबो."

पुढचा मुलगा येऊन गुडघ्यांवर बसला. वोंगानी कागद घेऊन तोवेराकडे बघत थांबला होता. तिने तो त्याच्याकडून घेतला, चटईकडे एकदा पाहिलं, आणि मुलापुढे धरला. त्याने दोन्ही हातांनी, मान लववून घेतला.

तोवेराने घड्याळ सुरू केलं.