काचेमागचा तंबू

मी एक जुना तंबू आहे. पण मित्रांनो, 'जुना' या शब्दावरून भलताच समज करून घेऊ नका. डोंगरदऱ्या तुडवून आणि पावसाचा मार खाऊन मी जुना झालो असतो, तर आज तुमच्याशी छाती फुगवून बोललो असतो. मी जुना झालो तो एका दुकानाच्या काचेमागे, जागच्या जागी, उभ्या उभ्या. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. अंग निळे, कडा नारिंगी. मला शिवणाऱ्या बाईंचा हात मोठा तयार होता. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी बसवून त्या ती गरम यंत्राखाली दाबत, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी आत येत नाही. शेवटचा दोरा तोडून त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा वादळातही हलायचा नाही, बघ." ते शब्द मी मनात जपून ठेवले. माझ्यासोबत घडीच्या काठ्या दिल्या, दोऱ्या दिल्या आणि एका छोट्या पिशवीत चकचकीत खुंट्या दिल्या. खुंट्यांवाचून तंबू म्हणजे नुसता पतंग, हे तुम्हांला पुढे कळेलच.

डोंगरावर जाणाऱ्यांचे सामान विकणाऱ्या एका कंपनीत मी आलो. माझे भाऊबंद फडताळात गेले आणि तिथून एकेक करून डोंगरावर निघून गेले. मला मात्र दुकान सजवणाऱ्या माणसाने बाहेर काढले. त्याने फळ्यांवर प्लास्टिकचे गवत अंथरले, माझे कोपरे स्क्रूने फळ्यांना आवळले आणि मला वरून बारीक दोरे बांधून छताला टांगले. मागे पुठ्ठ्याचा डोंगर, पुढे लाल बल्बची शेकोटी. खुंट्यांची पिशवी त्याने माझ्याच पोटात एका कोपऱ्यात फेकली. तिची गरजच नव्हती.

नव्याचे नऊ दिवस मजेत गेले. मुले आत शिरून कोलांट्या मारत. मोठी माणसे बुटांसकट आडवी होत, "वा, काय ऐसपैस आहे!" म्हणत आणि पाण्याची बाटली विकत घेऊन घरी जात. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मला तर डोंगर जवळून दिसत होता, पण पुठ्ठ्याचा.

मग त्या दुकानात भिंगरी आली. हे तिचे खरे नाव नव्हे. तिची मावशी एकदा डबा द्यायला आली आणि सगळ्यांदेखत "ए भिंगरी!" म्हणून हाक मारून गेली, तेव्हापासून तेच नाव पडले. लहानपणापासून हिचा पाय घरात ठरत नसे. कॉलेजात असताना ती कडे चढली होती, उघड्या माथ्यावर झोपली होती. नोकरी कशाला हवी, असे मुलाखतीत विचारल्यावर ती म्हणाली होती, "मला डोंगरात राहायचंय." ऐकून सगळे खूश झाले आणि त्यांनी तिला परत आलेल्या मालाच्या काउंटरवर बसवले. त्या काउंटरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते.

तिथे येणारी गिऱ्हाइके काय वर्णावी! एकाने तंबू परत आणला, कारण रात्री आत अंधार होतो. दुसऱ्या गृहस्थांनी बूट परत आणले, कारण ते चालताना झिजतात. भिंगरी सगळ्यांचे ऐकून घेई. अडकलेली चेन सोडवून देई, फाटलेला पट्टा शिवून देई. 'नाही' हा शब्द तिला जणू कुणी शिकवलाच नव्हता. दुपारी मात्र ती डबा घेऊन माझ्या पोटात शिरे, चेन लावून घेई आणि भिंतीकडे तोंड करून जेवे. तेवढा वेळ आम्ही दोघेही कुठेतरी लांब असल्यासारखे वाटे.

दुसऱ्या दिवशी सहलीला निघणारे लोक संध्याकाळी धापा टाकत येत. खुंट्या हरवल्या, आता काय करू? आमच्याकडे सुट्या खुंट्या विकायला नव्हत्या. मग भिंगरी रांगत माझ्या आत येई आणि पिशवीतून दोन-चार खुंट्या काढून त्यांच्या हातावर ठेवी. "घ्या हो. याला कशाला हव्यात? हा कुठे जाणार आहे!"

मित्रांनो, हे बोलणे माझ्या वर्मी लागे. तरी मी मनाची समजूत घाली, की मी नाही तर नाही, निदान माझ्या खुंट्या तरी डोंगर बघतील.

दरवर्षी मोसमापूर्वी कंपनीतली दोन माणसे नवे तंबू घेऊन उंच पठारावर जात आणि वाऱ्यात ते कसे टिकतात ते पाहत. भिंगरीचा सगळा जीव त्या एका सफरीत अडकला होता. दरवर्षी तिचे नाव निघे आणि दरवर्षी कुठेतरी माशी शिंके. साहेब म्हणत, "अगं, तू गेलीस तर काउंटर कोण सांभाळणार? तुझ्यासारखी दुसरी आहे का आपल्याकडे?" तिला डोंगरावर पाठवायचे सोडून साहेब हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि ती बिचारी चढे. तिच्याऐवजी हिशेबनीसकाका जात. त्यांना स्टुलावर उभे राहिले तरी चक्कर येते. ते नाक सोलवटून परत येत आणि तिलाच वाऱ्याच्या गोष्टी सांगत.

मावशी तर तोंडावर बोले. "डोंगरवाल्यांकडे नोकरी करतेस आणि पुठ्ठ्याचा डोंगर बघतेस! त्यापेक्षा घरी बस. गच्चीवरून निदान खरा तरी दिसतो."

"पुढच्या वर्षी नक्की म्हणालेत, मावशी."

"ते काय, म्हणतीलच. म्हणायला काय जातंय त्यांचं?"

इकडे माझेही काही बरे चालले नव्हते. काचेतून ऊन यायचे ते नेहमी माझ्या एकाच कुशीवर. ती कूस विटून जुन्या शर्टासारखी झाली. कुणी मला नुसते फिरवून उभे केले असते तरी चालले असते. पण रोज फडक्याने धूळ झटकली की त्यांच्या मते माझी काळजी घेऊन झाली.

यंदा भिंगरी साहेबांच्या खोलीत गेली आणि होकार घेऊनच बाहेर आली. तिचा आनंद तिच्या चालण्यात दिसत होता. पण नवे तंबू वेळेवर आलेच नाहीत. साहेब म्हणाले, "आता तंबूच नाहीत, तर नेणार काय? पुढच्या वर्षी बघू."

भिंगरीने माझ्याकडे बोट केले. "हा आहे ना! याच जातीचे आपण विकतो. वाऱ्यात कसा टिकतो ते कळेल."

साहेब कुरकुरत म्हणाले, "बरं, ने. पण काकांना सोबत घेऊन जा. वर एकट्याने राहायचं नाही, हा कंपनीचा नियम आहे."

मला काय वाटले ते कसे सांगू! सजावटवाल्याने छताचे दोरे कापले, फळ्यांचे स्क्रू काढले. ते हरवू नयेत म्हणून त्याने जवळ दिसलेल्या पिशवीत टाकले. ती पिशवी माझ्या खुंट्यांची होती आणि आत एकही खुंटी उरलेली नव्हती. भिंगरीने माझी प्रत्येक काठी वाकवून पाहिली, प्रत्येक शिवण बोटाने चाचपली, चेनला मेण लावले. शेवटी तिने पिशवी उचलून हलवली. पिशवी खणखणीत वाजली. तिचे समाधान झाले. कुणाला काय दिले हे तिने कधी लक्षात ठेवलेच नव्हते. मी ओरडून सांगणार होतो, पण तंबूला तोंड असते ते फक्त आत शिरण्यापुरते.

मित्रांनो, पठारावरचा वारा मला पहिल्यांदा लागला तेव्हा मी सगळा राग विसरलो. तिने काठ्या ओवल्या, मी फुगून उभा राहिलो. मग तिने पिशवी उपडी केली आणि खडकावर स्क्रू सांडले.

"हे काय गं?" काका म्हणाले. "इथे फळ्या कुठे आहेत?"

भिंगरी त्या स्क्रूंकडे बघतच राहिली. "मीच दिल्या," ती हळूच म्हणाली. "काका, सगळ्या मीच वाटून टाकल्या."

पण ती हार मानणारी नव्हती. तिने मोठमोठे दगड वाहून आणले आणि माझ्या दोऱ्या त्यांना बांधल्या. मग ती आत आडवी झाली, पाय दाराबाहेर काढून. समोर खरा डोंगर होता, त्याच्यामागे आणखी डोंगर होते. ती एकटीच मोठ्याने हसली. माझ्या आयुष्यात सुख म्हणतात ते एवढेच, आणि ते मला पुरले असते.

दुपार कलली तसा वारा वाढला. एक दगड सरकला, मग दुसरा. मी एका अंगाने उचललो गेलो आणि माझी ती विटकी कूस टर्रकन फाटली. शिवण उसवली नाही हो! बाईंची शिवण तशीच होती. कापडच काचेमागे विरून गेले होते.

"चल, उन्हं आहेत तोवर खाली उतरू," काका म्हणाले.

"काका, एक रात्र. मी हाताने धरून बसते."

"अगं, वेडी का खुळी तू? मला इथे राहवणार नाही आणि तुला एकटीला सोडता येणार नाही. नियम माहीत आहे ना?"

काकांचे चुकले असेही म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. भिंगरीने मला गुंडाळले, पाठीवर घेतले आणि ती खाली उतरली. ज्या एका रात्रीसाठी इतकी वर्षे घालवली, ती रात्र तिने पायथ्याच्या विश्रामगृहात टीव्हीच्या आवाजात काढली.

परत आल्यावर साहेबांनी वाऱ्याबद्दल काहीच विचारले नाही. "काचेत लावायचा तंबू फाडून आणलास?" एवढेच म्हणाले. मग थोडे शांत होऊन, "फाटकी बाजू भिंतीकडे करून लावून टाक." पुढच्या सफरीचे विचारले तर म्हणाले, "बघू." भिंगरीने मला ठिगळ लावले. पुन्हा तेच गवत, तेच स्क्रू, तेच दोरे. आम्हां दोघांच्याही तोंडाला पाने पुसली गेली.

परवा संध्याकाळी एक गिऱ्हाईक धावत आले. सकाळी निघायचे होते, खुंट्या हरवल्या होत्या. सवयीने भिंगरी रांगत आत आली. कोपऱ्यात ती पिशवी होती आणि या वेळी तिच्यात खरोखर खुंट्या होत्या. तिच्या कॉलेजच्या दिवसांतल्या, थोड्या वाकड्या, घरून आणून ठेवलेल्या. तिने त्या हातात घेतल्या. माझा तर जीव टांगणीला लागला. मग तिने त्या परत आत ठेवल्या, गाठ मारली आणि बाहेर आली.

"चौकातल्या लोखंडाच्या दुकानात मिळतील. आठपर्यंत उघडं असतं."

साहेब जवळच उभे होते. "अगं, त्या पिशवीतल्या दे ना! तो काय, नुसता दाखवायचा तर आहे."

"नाही, साहेब," भिंगरी म्हणाली. "त्या याच्या आहेत. आम्हांला जायचंय."

तिच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकलाच नव्हता.

आम्ही अजून गेलेलो नाही. कदाचित जाऊही, कदाचित साहेब पुन्हा "बघू" म्हणतील. मी ठिगळाची बाजू भिंतीकडे करून उभा आहे. पण दुपारी डबा खाऊन झाला की भिंगरी पिशवीची गाठ सोडते, आत बघते आणि पुन्हा गाठ मारते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. वस्तू जपा, पण जपणे म्हणजे काचेमागे ठेवणे नव्हे. आम्हांला मळू द्या, झिजू द्या, मग धुऊन वाळवून पुन्हा न्या. आणि तुमच्या घरात किंवा तुमच्यासोबत काम करणाऱ्यांत कधीच 'नाही' न म्हणणारी एखादी भिंगरी असेल, तर तिच्या पिशवीत तिच्यापुरते काही उरले आहे का, ते एकदा उघडून बघा. नुसती वाजवून पाहू नका.