शंखाच्या तोंडाशी वाळू

मी शंखात राहणारा मासा बोलतोय. शंखातूनच बोलतोय. घराच्या दाराची घंटा आत्ताच वाजली, त्यामुळे बाहेर यायचा धीर होत नाही.

लांबीला मी माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढा. अंगावर बारीक पट्टे. आमचे वाडवडील आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यात, गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत राहायचे. ते तळं मी पाहिलेलं नाही. माझा जन्म दुकानातल्या काचेच्या टाकीत झाला. पण राहणी तीच. शंख माझा, त्याच्या पुढची वाळू माझी. तिथे कुणी घुसला तर गाठ माझ्याशी.

मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी नेलं. दुकानदाराने त्यांना आधी टाकी केवढी ते विचारलं. त्यांनी हात पसरून दाखवलं.

"मग ताई, ही एकच जात ठेवा. शंख भरपूर टाका. दुसरं काही सोडू नका."

मी आणि माझ्या दोन बायका, थोरली आणि धाकटी, असे आम्ही पिशवीतून आलो.

टाकी शिलाई मशीनशेजारी होती. मशीन चाललं की वाळू थरथरायची. आधी भ्यालो, मग सवय झाली. बाई सुईत दोरा ओवता ओवता आमच्याकडे बघायच्या. थोरलीच्या शंखात पिल्लं झाली.

मग बाईंचे दीर आले.

"वहिनी, टाकीत आहे काय? नुसती वाळू दिसते."

"आहेत हो भावोजी. जरा थांबा, बाहेर येतात."

"मासे बघायला आता अर्ज करायचा का?"

पुढच्या खेपेला त्यांनी एक पिवळाधमक मासा आणला. बाई म्हणाल्या, "दुकानदार नको म्हणाला होता."

"अहो, हाही आफ्रिकेचाच. गाववाले आहेत. घेतील जमवून."

दिराने हौसेने आणलेलं परत कसं करायचं? बाईंनी मासा टाकीत सोडला.

गाववाला कसला! त्याचं तळंच वेगळं. तो खडकांतला, आडदांड. आल्या दिवशी त्याने सगळी टाकी आपली ठरवली. धाकटी चारा खायला वर गेली, तर त्याने तिला कोपऱ्यात कोंडलं आणि ढुशा देऊन मारून टाकलं.

थोरली आणि पिल्लं शंखात होती. तो आत मावत नव्हता, म्हणून शंखाच्या तोंडाशी बसून राहिला. पिल्लं भुकेने बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं. मी लढायला गेलो. त्याने माझी शेपटी फाडली. भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. पाणी सगळीकडे असतं आणि श्वास मिळत नाही.

मग वाडवडील करायचे तेच केलं. तो चाऱ्याला वर गेला की तोंड भरून वाळू आणायची आणि थोरलीचा शंख त्याला दिसू नये म्हणून त्यावर टाकायची. शंख बुजत गेला. त्याचं तोंडही बुजलं. आत माझं कुटुंब. आपणच त्यांना गाडतोय की काय, या धास्तीने तोंडातली वाळू वाटेतच गळायची. तरी आणत राहिलो.

मशीन थांबलं.

"अगं बाई, शंख कुठे गेला?" बाई काचेशी वाकल्या. माझी शेपटी पाहिली, गाववाल्याला पाहिलं आणि फोन उचलला. "भावोजी, तुमचा मासा घेऊन जा. नाही, आजच. राग आला तर येऊ दे."

दीर बादली घेऊन आले. "एवढ्याशा किड्यांसाठी, वहिनी?"

"त्या किड्यांची पोरंबाळं आहेत आत."

तो गेल्यावर मी वाळू उपसली. थोरली बाहेर आली. मागून पिल्लं आली. सगळी नाही.

आता शेपटी भरून आली आहे. भीती तेवढी गेली नाही. माझं मागणं एवढंच, की रंगाला भुलून मासा आणू नका. आपली टाकी केवढी आणि वाढल्यावर तो केवढा होणार, ते आधी विचारा. एका मुलखाचे असले म्हणून एका घरात नांदतात असं नाही. तुमच्याही घरात हे पाहिलं असेल.

मघाची घंटा दिरांचीच होती. त्यांच्या हातात पिशवी आहे. बाई मशीनवरून उठल्या आणि टाकीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"आधी काय आणलंय ते दाखवा, भावोजी."

त्यांच्या पाठीमुळे मला काही दिसत नाही. थोरली पिल्लांना घेऊन शंखात शिरली आहे. मला बाहेर पडायला हवं. बोलणं इथेच थांबवतो. तोंडात वाळू धरायची आहे.