पाटावरची कादंबरी

रुख्माबाईच्या भावाने, पितांबरने, धुळ्याहून लाल फडक्यात बांधून पुस्तक पाठवलं. सासूने, भिकुबाईने, गाठ सोडायच्या आधीच ते पाटावर ठेवून कुंकू लावलं. लाल फडक्यात पोथीच येते, दुसरं काय येणार? होती कादंबरी. जुनी, नावाजलेली; पुण्याकडच्या शिकलेल्या घरांतून पिढ्यांनी वाचलेली. रुख्मा मराठी चौथी झालेली. तिने ओळखलं आणि गप्प बसली.

वैशाखात दुपारी बियाण्याच्या शेंगा फोडायला आळीतल्या बायका चुडामण पाटलाच्या ओट्यावर जमत. चुडामण रुख्माचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा अमळनेरला गिरणीत, म्हणून घरात हुकूम चाले तो जेठाचा. रुख्मा मोठ्याने वाचायची; बायकांचे हात शेंगांत, कान पोथीकडे. दुसऱ्याच दिवशी त्यांनीही ओळखलं. कुठल्या पोथीत पोरगी बापाला तोंडावर नाही म्हणते? पण बोललं कुणीच नाही.

पोथी म्हटली की प्रसाद हवा. साखरेच्या डब्याची किल्ली चुडामणच्या करदोड्याला. मग रुख्मा प्रसाद म्हणून एक शब्द द्यायची, त्या दिवशीच्या पानांत भेटलेला, कुणालाच ठाऊक नसलेला. अर्थ मागच्यापुढच्या ओळींवरून काढायचा, त्यावर भांडायचं, आणि ठरला की पदराला गाठ मारून घरी न्यायचा. कारस्थान. यातना. निर्धार. शेजारच्या कस्तुराने आपल्या आडमुठ्या म्हशीचं नावच निर्धार ठेवलं.

घात केला तो ‘उपेक्षा’ने. चुडामणची बायको धुरपदाबाई ताट वाढून उभी होती. त्याने न बघता ताट सरकवलं. ती म्हणाली, “मन्ही इतली उपेक्षा करू नका.”

पाटलाला राग आला. शब्द कळला नाही, याचा तर जास्तच आला. त्याने शाळामास्तरांना विचारलं. मास्तर हसले. “कादंबरीतला शब्द आहे, पाटील. घरात कादंबरी शिरलेली दिसते.”

दुसऱ्या दुपारी तो ओट्यावर येऊन उभा राहिला. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

“काय वाची ऱ्हायनी ती?” त्याने आईला विचारलं. जेठ भावजयीशी सरळ बोलत नाही, आणि ती तर त्याच्याकडे मान वर करूनही पाहत नाही. मध्ये कुणीतरी लागतं.

“पोथी,” भिकुबाई शेंग फोडत म्हणाली. “एकच अध्याय ऱ्हायना. अर्धी पोथी उठाडी तर घरले दोष लागस.”

चुडामण घुटमळला. पोथीपुढे पाटीलकीही जरा मागे सरते. म्हातारीने वाट करून दिली होती. रुख्मा मान खाली घालून बसली असती तर तो गुरगुरत निघून गेला असता, आणि दिवस बुडायच्या आत पुस्तक संपलं असतं.

पण मग पुढचं पुस्तकही लाल फडक्यातच आणायचं. त्याच्या पुढचंही. जन्मभर कुंकू लावून चोरी करायची. रुख्माच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पदर मागे सारला आणि जेठाकडे बघून म्हणाली, “पोथी नई, भाऊ. कादंबरी शे. आज समाप्ती करसू.”



चुडामण आईलाच म्हणाला, “हिले सांग, मन्हा ओटावर हाई चालाव नई. जिले ऐकनं शे तिनी उतरानं. कोन कोन उतरस, देखस मी.”

रुख्माने पुस्तकासकट पाट उचलला, खाली उतरली आणि समोरच्या निंबाखाली धुळीत मांडला. मागे वळली नाही. कुणी आलं नसलं, तर तिला ते पाहायचं नव्हतं.

आधी कस्तुरा आली, सूप घेऊन. मग एकेक करत बाकीच्या. धुरपदाबाई उठली तसा चुडामण गुरकावला, “तू बस.”

“भलता दिन बसनू,” ती म्हणाली. “पाय आखडी गयात.” आणि उतरली.

शेवटी भिकुबाई भिंतीला धरत उठली. लेकाला म्हणाली, “ह्या शेंगा आते तू फोड.”

रुख्माने मोठ्याने वाचलं, ओट्यावर ऐकू जाईल असं. शेवटी ती पोरगी मेली. बाईने नाही म्हटलं की या लिहिणाऱ्यांना तिला मारल्याशिवाय कादंबरी संपवता येत नाही.

“मारी टाकी तिले,” कस्तुरा म्हणाली. “लिखनारले लाज वाटनी नई.”

“परसाद?” भिकुबाईने हात पुढे केला.

रुख्माने पानं चाळली. शेवटच्या प्रकरणात नवा शब्दच नव्हता. मरण, राख, नशीब. हे बायकांना आधीपासून येत होतं.

“त्यानी काय इचारं ओटावर?” भिकुबाई म्हणाली. “कोन कोन उतरस. मंग कोन उतरनं?”

“बठ्ठ्या,” धुरपदाबाई म्हणाली.

“हाऊ सबद शे का त्या बुकमा?”

रुख्माने आठवून पाहिलं. सगळ्या होतं, साऱ्या होतं, सर्वही होतं. बठ्ठ्या नव्हतं. एवढ्या जाड पुस्तकात कुठेच नव्हतं.

“नई.”

“मंग लिख.”

पाटावरच्या कुंकवात ओलं बोट बुडवून रुख्माने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं. वाळेपर्यंत फुंकर घातली. लाल फडकं झटकून खांद्यावर टाकलं, आणि पुस्तक तसंच उघडं हातात धरून, जेठासमोरून ती ओट्याच्या पायऱ्या चढली.