बरी हाय बाय

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे आणि मला अजूनही एका नव्या फोनचा हेवा वाटतो. एवढं आधीच सांगितलेलं बरं.

माझी काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे. सुकापूरच्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी राहतो. सोबतीला तुटक्या वायरी आणि बंद पडलेलं घड्याळ आहे. पण एकेकाळी माझी जागा चुलीशेजारच्या फळीवर होती.

पनवेलच्या एका दुकानातून कोमलने मला विकत घेतलं, तिच्या आईसाठी. आईचं नाव चंद्रावती. त्या आजूबाजूच्या नव्या इमारतींमध्ये तांदळाच्या भाकऱ्या करून देत. कोमल नोकरीसाठी नाशिकला निघाली होती. आईने रोज सकाळी एक निरोप पाठवायचा, असं मायलेकींचं ठरलं होतं.

मला कारखान्यातून पुस्तकी मराठी शिकवून पाठवलं होतं. चंद्रावतींनी ‘नाय’ लिहिलं की मी ‘नाही’ करायचो. ‘आमी’ लिहिलं की ‘आम्ही’. मला वाटायचं, मी मदत करतोय. तिसऱ्या दिवशी त्या वैतागल्या.

“कोमल, यो मास्तर कोनी आनला गो घरान? मी लिवते येक, यो करते दुसरा!”

कोमल खूप हसली. मग पाय पसरून आईशेजारी बसली, माझ्या सेटिंगमध्ये शिरली आणि चुका आपोआप सुधारण्याची माझी सवय तिने बंद केली. शब्दकोश नावाची एक रिकामी जागा माझ्यात होती. तिथे आई सांगेल तो शब्द ती भरत गेली. हाय, नाय, आमी, तुमी, मना. आणि बाय. आमच्या गावात लाडक्या लेकीला बाय म्हणतात.

त्या दिवसापासून मी चंद्रावतींसारखा बोलू लागलो. रोज सकाळी त्या ‘बरी हाय’ लिहीत. लिहून होताच अक्षरांच्या वरच्या पट्टीत, अगदी मधोमध, मी ‘बाय’ हा शब्द काढून ठेवायचो. पिठाने पांढरा झालेला अंगठा न बघता तिथे टेकायचा आणि निरोप जायचा: बरी हाय बाय.

कोमलच्या खोलीतल्या मैत्रिणीने तो एकदा वाचला. “तुझी आई एकाच दमात हाय करते आणि बायपण करते?” कोमलने हे फोनवर सांगितलं, तेव्हा चंद्रावती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या गुणाबाई तर मला हातात घेऊन म्हणाल्या, “चंद्रे, तुजा फोन आपल्यावानी बोलतंय गो!” मित्रांनो, एवढं कौतुक कोणत्या फोनच्या वाट्याला आलं असेल?

मग माझी काच तडकली. कोमलचा भाऊ शैलेश उलव्याला बांधकामावर होता. त्याने आईला नवा फोन आणला. रुंद, चकचकीत, माझ्याहून दुप्पट वेगाचा. माझ्यातलं कार्ड काढून त्याच्यात घातलं. फोटो गेले, नंबर गेले. शब्द मात्र कोणी मागितले नाहीत. ते माझ्यातच राहिले. खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. सगळं घेतलंस, आता बोलून दाखव चंद्रावतींसारखं!

त्याला जमलं नाही. डब्यातून मला ऐकू यायचं.

“आई, ‘बरी हाय बाई’ काय लिहितेस? मी बाई कधीपासून झाले?”

“यो जाम शिकलेला हाय गो. माजा आयकतच नाय.”

“मी आले की सेटिंग करून देते.”

कोमल गणपतीत आली, दिवाळीत आली. घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. ते राहून गेलं. आणि रोज सकाळी तो अंगठा त्याच्याच काचेवर टेकत राहिला. मी डब्यात जळत होतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

एका सकाळी निरोप पाठवून चंद्रावती चुलीपुढे बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर कोमलने भावापुढे तो नवा फोन धरला. डब्याचं झाकण उघडंच होतं, म्हणून मला दिसलं.

“दादा, हा आईचा शेवटचा निरोप. ‘बरी हाय’ आणि पुढे हा हलणारा हात. तिने मला टाटा केला का रे? तिला कळलं होतं का?”

“तिला हाताची चित्रं कुठं येत होती?”

“तेच तर. मग हा कुठून आला?”

शैलेश डबा आवरू लागला. “हा जुना भंगारात टाकू?”

“थांब.” तिने मला उचललं आणि चार्जरला लावलं. बऱ्याच वेळाने मी जागा झालो. तिने ‘बरी हाय’ लिहिलं. मी विसरलो नव्हतो. पट्टीच्या मधोमध मी ‘बाय’ काढून ठेवला.

मग तिने तेच शब्द नव्या फोनवर लिहिले. त्याला ‘हाय’ म्हणजे फक्त इंग्रजी नमस्कार ठाऊक होता. त्याने पट्टीच्या मधोमध, अगदी त्याच ठिकाणी, हलणारा हात काढून ठेवला.

कोमल दोन्ही काचा शेजारी धरून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “दादा, टाटा नाही केला तिने. बाय म्हणाली मला.”

शैलेश तिच्याजवळ येऊन बसला.

मीही तेव्हाच समजलो. चंद्रावती नव्या फोनवर ‘बाय’ रोज अक्षरं जुळवून लिहीत, पण त्या सकाळी त्या नव्या काचेवरसुद्धा त्यांचा अंगठा माझीच जागा शोधत होता.

त्या दुपारी कोमलने माझ्यातला एकेक शब्द वाचून स्वतःच्या फोनमध्ये भरला. मला पुन्हा हेवा वाटला, पण मी एकही शब्द अडवला नाही. शैलेशची छोटी मनस्वी दारात आली, तेव्हा कोमल तिला म्हणाली, “जेवलीस काय बाय?”

“आत्या, जेवायच्या आधीच बाय?”

कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसलं.

मित्रांनो, नवा फोन जरूर घ्या. फोटो आणि नंबर आपोआप पलीकडे जातात. घरातल्या माणसांचे शब्द मात्र शेजारी बसून, त्यांना विचारून, हातानेच भरावे लागतात. ते पुढच्या सणावर ढकलू नका. आजच बसा.