म्हणे कुठे गेलं?

त्या दिवशी सकाळी बेल वाजलीच नाही.

नाहीतर आमच्याकडे सकाळी बेल म्हणजे नुसता कहर. आई इंदौरच्या सुदामा नगरला घरीच पाळणाघर चालवते. ऑफिसवाले आईबाप पोरं सोडायला येतात, एक हात स्कूटीवर, दुसरा टाटा करायला, आणि पोरगं दारातच भोंगा सुरू करतं. आई त्याला आत घेते, मी गप्प करते. शाळा सोडल्यापासून हेच माझं काम. पप्पांची पीथमपूरच्या फॅक्टरीतली नोकरी सुटली, तेव्हापासून घर पोरांवरच चालतं. दुसऱ्यांच्या पोरांवर.

तर बेल नाही. मी दारात गेली, आत आली, परत दारात गेली.

"अंबू, बस ना एका जागी," आई बोलली. ती पोरांच्या खिचडीसाठी मटार सोलत होती.

"कोणीच आलं नाही अजून."

"येतील."

"कधी?"

आईने हात पुसला. टरफलांच्या ढिगातून मोबाईल माझ्याकडे सरकवला. पालकांचा ग्रुप उघडलेला होता. वर निवेदितादीदीचा मेसेज, रात्रीचा. तिची मुलगी पण आमच्याकडेच येते.

'मंजूमावशींकडे मुलांना झोपेचं सिरप देतात. प्रणव घरी आल्यावर उठतच नाही. प्लीज सगळ्यांनी काळजी घ्या.'

मंजूमावशी म्हणजे माझी आई, मंजुषा. प्रणव म्हणजे अमिताताईंचा मुलगा. ते लोक पुण्याहून बदली होऊन आलेत, पोरगा चार वर्षांचा नाही झाला अजून आणि पायाला स्प्रिंग लावलेली. मेसेजच्या खाली जोडलेले हात, डोळे फाडलेले चेहरे, 'बाप रे', 'थँक्स फॉर टेलिंग'. अमिताताईंनी वाचलेलं दिसत होतं, पण लिहिलं काहीच नव्हतं.

"तू हे वाचून मटार सोलत बसलीस?"

"मग काय करू?"

"लिही ना, खोटं आहे म्हणून!"

"मी लिहीन, ते म्हणतील चोर कधी हो बोलतो का. प्रणव आला तर बाकीचे येतील. नाही आला तर…" ती थांबली. "तर बघू. जाऊ दे."

जाऊ दे बोलली, पण मी बघितलं, ती दाणे कचऱ्यात टाकत होती आणि टरफलं पातेल्यात.

माझं डोकंच गेलं. चप्पल घातली आणि निघाली.

निवेदितादीदी मागच्याच गल्लीत राहते, घरून काम करते. दार उघडलं तेव्हा गळ्यात हेडफोन होता.

"तुम्ही सिरप बघितलं?" मी विचारलं.

"ए अंबू, हळू बोल. माझा कॉल चालू आहे."

"बघितलं का?"

"मी कशाला बघेन? वसुधाकाकूंनी सांगितलं. त्या तुमच्या समोरच राहतात, त्यांना नाही दिसणार तर कोणाला दिसणार?"

"काय सांगितलं? जसंच्या तसं सांगा."

"हेच की. म्हणे पाळणाघरात आजकाल झोपेचं औषध देतात, आणि तिकडे गच्चीवर बाटली…"

"मग म्हणे कुठे गेलं?"

"काय?"

"आत्ता तुम्ही बोललात, म्हणे. मेसेजमध्ये म्हणे नाहीये. कुठे गेलं?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली जशी मी पागल आहे. "अगं, टाइप करताना कोण म्हणे लिहितं? तू पण ना यार! मी तर सगळ्यांच्या भल्यासाठीच…" मग एकदम हेडफोन कानाला लावून, "यस सर, यस, ऐकू येतंय," आणि दार बंद.

मी त्या दाराला लाथ मारणार होती. नाही मारली. मतलब, हळू मारली.

वसुधाकाकूंचं मला पक्कं माहीत होतं. त्यांची गॅलरी बरोबर आमच्या गच्चीसमोर. दिवसभर तिथेच बसतात. त्यांना पण पाळणाघर काढायचं होतं, जमलं नाही, आणि आमच्याकडे गर्दी, म्हणून जळतात. बस्स. गल्लीत उभं राहून मी खालूनच सुरू झाली.

"काकू, तुम्ही आईवर जळता ना, सगळ्या गल्लीला माहीत आहे!"

भाजीवाल्या भियाने गाडी तिथेच थांबवली. भोपळा हातात धरून वर बघायला लागला.

"वर ये," काकू बोलल्या. "लोकांना फुकटचा तमाशा नको."

वर गेली. काकू मेथी निवडत होत्या. मला बस पण नाही बोलल्या.

"मी जळते, हे कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतं."

"काय दिसतं? काय बघितलंस तू?"

काय बघितलं होतं मी? काकू गॅलरीत बसतात, हे बघितलं. आमच्याकडे बघतात, हे पण. त्यांच्या पाळणाघराचं मी कुठे ऐकलं होतं तेच आठवेना. बाकी सगळं माझ्याच डोक्यात शिजलेलं.

आठवीत हिंदीच्या मॅडमनी तथ्य आणि मत शिकवलं होतं. 'इंदौर सबसे साफ़ शहर है' याच्यापुढे मी 'मत' लिहिलं. मॅडम बोलल्या, चूक, तथ्य आहे, इनाम मिळालाय. मी बोलली, मॅडम, इनाम मिळाला हे तथ्य, साफ आहे का ते बघायला आमच्या मागच्या नाल्यावर चला. पूर्ण पिरियड बाहेर उभी होती. तेव्हा मला वाटायचं, या गोष्टीत मला कोणी हरवूच शकत नाही. आणि आता मेथी निवडता निवडता काकूंनी हरवलं.

"बरं," मी बोलली. "तुम्ही काय बघितलं ते सांगा."

"औषधाची बाटली. चॉकलेटी. तुझ्या हातात, गच्चीवर. पोरं पुढे उभी, माना वर, सगळ्यांनी आ केलेला. सांग, खोटं आहे?"

खोटं नव्हतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

"आणि अमिता स्वतः मला बोलली, या भाजीच्या गाडीवरच, की प्रणव तुमच्याकडून आला की आडवाच होतो. हसत होती, पण बोलली ना. मग मी निवेदिताला बोलले, बाई, म्हणे पाळणाघरात झोपेचं औषध देतात आजकाल, बघ जरा. मी म्हणे लावलं होतं अंबू. देवाशपथ. म्हणे लावल्याशिवाय मी कोणाबद्दल बोलतच नाही."

"काकू, ते साबणाचं पाणी होतं! मी फुगे उडवत होती! पोरं फुगे खात होती!"

काकूंचा हात थांबला. "फुगे नाही दिसले मला."

"कसे नाही दिसले? हवेत होते!"

"चष्मा नव्हता लावलेला."

"आणि बाटली दिसली?"

"बाटली मोठी असते ना गं."

खाली भाजीवाला फिसकन हसला. मला पण हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. "मग हे पण सांगा ना निवेदितादीदीला. चष्मा नव्हता, हे."

"सांगेन की," काकू बोलल्या आणि मेथीच्या काड्या मोडत बसल्या.

मी धावत आमच्या गच्चीवर गेली. बाटली कठड्यावर होती. घेतली आणि खाली आली. आई दारातच उभी.

"अमिताकडे चाललीस? अंबू, ओरडू नको तिथे. तू ओरडलीस की तुझं खरं पण खोटं वाटतं."

रस्ताभर मी तयारी केली. हे बोलायचं, मग ते बोलायचं. अमिताताईंनी दार अर्धंच उघडलं. आत टेबलावर लॅपटॉप, त्याच्या बाजूला दुधाचा सांडलेला पेला, आणि आतल्या खोलीतून डब्यावर डबा आपटल्याचा आवाज. प्रणव घरी होता आणि घर त्याला पुरत नव्हतं.

"अंबिका, मला आत्ता मीटिंग आहे गं."

"दोन मिनिटं ताई. हे बघा. हीच ती बाटली."

त्यांनी बघितली. तेव्हा मी पण नीट बघितली. बाटलीवर खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं, अर्धं फाटलेलं. पप्पांच्या खोकल्याची बाटली, रिकामी झाली म्हणून मी घेतली होती. डोस कसा द्यायचा ते पण दिसत होतं.

"ही?" अमिताताई हळूच बोलल्या. "ही तू मुलांना…"

आणि तेवढ्यात प्रणव बाहेर आला. मला बघितलं, बाटली बघितली, धावत येऊन बरोबर माझ्यापुढे उभा राहिला. मान मागे टाकली. आ केला.

अमिताताईंचा चेहरा असा पडला की मी कधी विसरणार नाही. त्यांनी त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. तो आ तसाच.

ओरडावंसं वाटलं, अहो समजता काय तुम्ही आम्हाला, माझी आई तुमच्या पोराला मांडीवर घेऊन भरवते. दात दाबून धरले. ओरडून काय होणार होतं? बाटली तीच, लेबल तेच, पोराचा आ पण तोच.

झाकण उघडलं. बांगडीने आम्ही फुगे काढतो, ती घरी राहिली होती. तळहातावर पाणी ओतलं, अंगठा आणि बोट जोडून गोल केला, फुंकर मारली. फुटला. परत मारली. फुंकर जोरात गेली, परत फुटला.

"हळू फुंक ना अंबूदीदी," प्रणव बोलला. मीच त्याला रोज हे सांगते.

हळू फुंकला. लिंबाएवढा फुगा निघाला, डगमगत वर गेला, पंख्याच्या हवेत वळला. प्रणव आईच्या हातातून सुटला, उडी मारली आणि फुगा खाल्ला. मग तोंड वाकडं करून जीभ पुसली आणि बोलला, "अजून."

अमिताताईंनी बाटली घेतली. वास घेतला. थेंब बोटावर घेऊन चोळला, फेस आला. बराच वेळ चोळत होत्या.

"मग तो घरी येऊन इतका झोपतो कसा?"

"दुपारी बाकीची पोरं झोपतात, हा नाही झोपत. मग मी त्याला गच्चीवर घेऊन जाते आणि आम्ही पळतो. मला पण एका जागी बसता येत नाही. पाच वाजेपर्यंत पळतो. एवढं मी सांगू शकते, कारण एवढ्यात मी स्वतः असते. आई चांगली आहे, जीव लावते, ते नाही सांगत. माझी आई आहे, मी तसं बोलणारच."

लॅपटॉपमधून कोणीतरी अमिता, अमिता करत होतं. त्यांनी तो बंद केला.

"एक विचारते. तू मुलांवर ओरडतेस का?"

मी हातातलं झाकण फिरवायला लागली.

"प्रणव घरी टेडीवर ओरडतो. 'ए चूप! बिल्कुल चूप!' असं. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही."

तो माझाच आवाज होता. हिंदी पण माझीच. 'नाही' बोलायला काय लागत होतं? टीव्हीत ऐकलं असेल, बोलली असती तर संपलं असतं. आत्ताच तर साबणाचा फेस बघून त्यांचा चेहरा थोडा सैल झाला होता. आईचे मटार डोळ्यांसमोर आले, कचऱ्यात पडलेले.

"ओरडते," मी बोलली.

"मारतेस?"

"नाही. कधीच नाही. ओरडते. रोज ओरडते."

त्या बघत राहिल्या. मी पण बघत राहिली, खाली नाही बघितलं.

"नाही म्हणाली असतीस ना," अमिताताई बोलल्या, "तर मी दार लावून घेणार होते."

"मग येणार तो उद्या?"

"माहीत नाही. ह्यांच्याशी बोलते. आता जा तू."

"ग्रुपवर काही लिहाल?"

"काय लिहू?"

"जे बघितलं तेवढंच."

घरी आली तर आई उभीच. "काय बोलली?"

मला बोलायचं होतं, येईल, नक्की येईल, तू टेन्शन नको घेऊ. तोंडावर आलं होतं. "माहीत नाही बोलली," मी सांगितलं, आणि आईने मान हलवली, घरात आहे त्याच भाजीवर भागवायचं ठरवल्यासारखी.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. 'अंबिका आज घरी आली होती. बाटलीत साबणाचं पाणी आहे, मी स्वतः हाताने बघितलं. ती मुलांवर ओरडते, हे तिने स्वतः सांगितलं. प्रणवचं आम्ही अजून ठरवलं नाही.' खाली एकही अंगठा नाही, एकही चेहरा नाही. कोणाला काय लावावं तेच कळलं नसेल. निवेदितादीदी ऑनलाइन दिसली, टाइप करताना दिसली, मग गेली.

आईने ते तीनदा वाचलं. मग उठली, चॉकलेटी बाटलीतलं पाणी जॅमच्या काचेच्या बरणीत ओतलं, जिच्यातून आरपार दिसतं, आणि ती बाटली फेकून दिली. "ओरडते हे लिहायची काय गरज होती तिला," एवढंच बोलली. मग थोड्या वेळाने, "आणि तुला सांगायची?"

सकाळी मी परत दारात, आत, दारात. बरणी गच्चीच्या कठड्यावर ठेवून आली, परत खाली. आई कुकर लावत होती, पण तांदूळ किती घ्यायचे ते तिला समजत नव्हतं. वाटी भरत होती, परत ओतत होती.

समोर वसुधाकाकू गॅलरीत. त्यांना वरून गल्लीचं वळण दिसतं, मला नाही दिसत.

"अंबू," काकू ओरडल्या, "प्रणव येतोय म्हणे!"

मी वर बघितलं. नाकावर चष्मा होता, दोरी लावलेला, एकदम पुसलेला.

"म्हणे कशाला काकू? आज तर चष्मा लावलाय ना!"

"हो गं बाई, हो! येतोय! स्कूटीवर पुढे उभा आहे!"

मी वळणाकडे धावली. तो मला बघून स्कूटी चालू असतानाच उतरायला लागला, अमिताताई एका हाताने त्याला ओढतायत. 'ए!' माझ्या तोंडात पूर्ण आलं होतं. गिळलं. नुसता हात वर केला, थांब असा. आणि तो थांबला तर नाहीच, पण मान मागे टाकून, भर रस्त्यात, त्याने आ केला.